एक जुलैचं गाव

एक जुलैला सकाळी सहापासून माझा फोन वाजायला लागतो. केक, गुलाब, फुगे, दात काढून हसणारा सूर्य. जुने विद्यार्थी, जुने सहकारी, औषधांचं दुकान आणि जन्मात कधी न भेटलेला एक होतकरू पुढारी, सगळे मला शतायुषी व्हायला सांगतात. हा पुढारी स्वतःच्या वाढदिवसाला चौकात बॅनर लावून घेतो. वर त्याचा फोटो, खाली काळे चष्मे घातलेले वीस शुभेच्छुक, आणि त्यातल्या निम्म्यांना आपण शुभेच्छुक आहोत हे बॅनर वाचून कळतं. मी फोन उशीखाली दाबतो आणि चहा टाकतो.

माझा जन्म एक जुलैचा नाहीच. आई सांगायची, मी धानाच्या चुरण्यात झालो, म्हणजे थंडीत, खळ्यावर बैल फिरत होते तेव्हा. थोरला भाऊ होळीच्या आसपासचा आणि धाकटी बहीण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची. पण शाळेच्या कागदावर आम्ही तिघंही एक जुलैचे, दोन-दोन वर्षांच्या अंतराने. आमची आई पेरणीच्या ऐन धांदलीत, एक वर्ष आड, तारखेला पक्की राहून बाळंत व्हायची असं शासनाचं म्हणणं आहे. आई हयात असती तर शासनाला तिने आपल्या भाषेत उत्तर दिलं असतं, आणि ते मला इथे लिहिता आलं नसतं.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत माझ्या वयाच्या कुणालाही जन्मतारीख विचारा, बहुतेक जण एक जुलै सांगतील. थोरला भाऊ गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात होता. त्याच्या पाळीतली निम्मी माणसं एकाच दिवशी निवृत्त झाली आणि हारांसह त्यांना घरी पोचवायला ट्रॅक्टरची ट्रॉली लावावी लागली, असं तो सांगतो. भाऊ थापा मारतो, पण ही थाप मला पटते.

यामागे काही गूढ नाही. विदर्भात शाळा उघडते जूनच्या शेवटी. तेव्हा गुरुजी गावात फिरून पोरं गोळा करायचे. जन्माचा दाखला कुणाकडे नसायचा, कारण जन्म घरात, सुईणीच्या हातून, आणि ग्रामपंचायतीत जाऊन नोंद करण्याइतका बाप रिकामा नसायचा. मग गुरुजी पोराला उभं करायचे आणि सांगायचे, उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं झालं. सहा वर्षं मागे मोजायची आणि तारीख टाकायची एक जुलै. हिशोबाला सोपी पडते. एवढ्या मोठ्या देशातला एवढा मोठा कागद पोराच्या हाताच्या लांबीवर उभा आहे.

हे मी तुच्छतेने सांगतोय खरं, पण तेहतीस वर्षं मीच तो गुरुजी होतो.

माझी शाळा वडशापासून आत, जंगलाच्या कडेला, एका मोठ्या तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, होती. सातवीपर्यंत वर्ग, तीन शिक्षक, त्यातला एक कायम कुठल्या तरी प्रशिक्षणाला गेलेला. व्हरांड्यात एक काळा फलक होता आणि त्यावर रोज सकाळी ‘आजचा दिनविशेष’ लिहायचं काम माझ्याकडे होतं, कारण माझं अक्षर चांगलं. बाजारात त्याची पुस्तिका मिळते. तारीख काढायची आणि उतरवायचं. अमक्या देशाचा तमक्या देशाशी तह झाला. अमका शास्त्रज्ञ जन्मला, तमका सेनापती वारला. कुठे पहिली आगगाडी धावली, कुठे राजाचं मुंडकं उडालं. परिपाठाला पोरं रांगेत उभी राहून हे ऐकायची, अर्धी पायाच्या अंगठ्याने माती उकरत. त्या तहामुळे आमच्या तलावातला एक मासाही इकडचा तिकडे झालेला नव्हता.

तपासणीला साहेब आले की आधी फलक बघायचे. फलकावर आजची तारीख असली की शाळा उत्तम. पोराला वाचता येतं की नाही हे बघायला खाली उतरावं लागतं, बसावं लागतं. फलक गाडीतूनही दिसतो. एकदा मी मुद्दाम सलग चार दिवस एकाच शास्त्रज्ञाचा जन्म लिहिला. साहेब दोनदा येऊन गेले आणि दोन्ही वेळा शेरा मिळाला, ‘दिनविशेष उपक्रम स्तुत्य.’

एक जुलैला तर पुस्तिकेत नुसती झुंबड. राज्याचा कृषिदिन, डॉक्टरांचा दिवस, वनमहोत्सवाचा पहिला दिवस. कृषिदिनाला ज्याचा सत्कार करायचा तो शेतकरी बांधावर, त्याला निरोप पाठवून चिखलातून बोलावून आणायचं आणि हातात नारळ देऊन फोटो काढायचा. डॉक्टरांच्या दिवशी आमच्या दवाखान्याला कुलूप, कारण डॉक्टर तालुक्याला त्यांच्या सत्काराला गेलेले. आणि वनमहोत्सव म्हणजे जंगलात झाड लावायचं. चारही बाजूंना सागवान, मोह, तेंदू, आणि मधोमध आम्ही गुलमोहराचं एक रोपटं घेऊन उभे. खड्डा गेल्या वर्षीचाच. गेल्या वर्षीचं रोप बकरीने खाल्लं म्हणून खड्डा रिकामाच असायचा, तेवढाच खोदायचा त्रास वाचे.

परिपाठात दिनविशेष वाचणारी एक मुलगी होती. आवाज खणखणीत. सेनापतीचं परदेशी नाव आलं की बाकीची पोरं त्यावर घसरून पडायची, ही मात्र न अडखळता पार जायची. तलावात मासे धरणाऱ्या घरातली. बाप डोंग्यातून जाळी टाकायचा, आई आठवडी बाजारात मासळी विकायची आणि धानाच्या हंगामात दुसऱ्याच्या बांधीत रोवणीला जायची. पाचवीत असताना एका एक जुलैला तिने फलक वाचून संपवला आणि तिथेच उभी राहिली.

“सर, आज माहा बी जनम आहे. फळ्यावर माहं नाव काऊन नाई?”

सगळी रांग हसली. मीही हसलो. सगळ्याच पोरांचा जन्म आजचा आहे, म्हणालो, सगळ्यांची नावं लिहायची तर फळा पुरणार नाही.

तिला ते पुरलं नाही. “माय म्हणते मी मंडईची आहो. मंग एक जुलैची हे कोण आहे?”

“ती शाळेची,” मी म्हणालो. पोरं पुन्हा हसली आणि मी ‘वर्गात चला’ म्हणून सुटका करून घेतली. हजरजबाबीपणाचा मला तेव्हा फार अभिमान होता.

ती मंडईची होती हे मला पक्कं ठाऊक होतं. मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची गावजत्रा. दिवसभर बाजार, आकाशपाळणा, जिलेबी, लेकी माहेरी येतात, उपवर पोरापोरींची बघाबघी होते, आणि वडशाहून नाटक कंपनी येऊन झाडीपट्टीचं नाटक लावते. ज्या साली हिचा जन्म झाला त्या साली आमच्या गावच्या नाटकात नायिकेचा आवाज बसला आणि तिची वाक्यं पेटीवाल्याने म्हटली. सारं गाव अजून त्यावर हसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, कंपनीचा ट्रक पडदे भरत असताना, ही जन्मली. कुठल्याही फलकावर नसलेली इतकी नेमकी जन्मवेळ मी दुसरी ऐकली नाही.

हे मला तिच्या आईनेच सांगितलं होतं, हिचं शाळेत नाव घातलं त्या दिवशी. खरं तर ती थोरल्या मुलाला घेऊन शाळेत आली होती. ही नुसती सोबत आली होती, आईचा पदर धरून. त्या वर्षी शाळेचा पट एकाने कमी भरत होता. तेवढं एक पोर मिळालं नाही तर एक शिक्षक जास्तीचा ठरणार होता, आणि जास्तीचा म्हणजे मी. जास्तीच्या शिक्षकाला कुठे टाकतात हे आम्हाला माहीत होतं. सिरोंच्याला, तेलंगणाच्या तोंडाशी, जिथून घरी यायला एक अख्खा दिवस लागतो. माझं घर नुकतंच बांधून झालं होतं.

मी त्या बाईंना म्हणालो, हिचंही नाव टाकून देऊ.

“हे लहान आहे जी अजून,” त्या म्हणाल्या. “येत्या मंडईले पाच वर्साची होईल.”

“चालते बाई,” मी म्हणालो. “आण इकडे.”

पोरीला उभं केलं. उजवा हात डोक्यावरून घे म्हटलं. तिने घेतला. बोटं डाव्या बाजूच्या केसांपर्यंत पोचली, कान बराच खाली राहिला. पोरगी जीव तोडून प्रयत्न करत होती, जीभ दाताखाली धरून. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते थोडं वाकवलं. कान हाताला लागला. दाखल-खारीज रजिस्टरात मी माझ्या चांगल्या अक्षरात एक जुलै लिहिलं आणि सहा वर्षं मागचं साल टाकलं. साडेचार वर्षांची पोर दोन मिनिटांत सहाची झाली. माझी बदली टळली आणि मी शाळेत मुलींचं प्रमाण वाढवल्याबद्दल केंद्राच्या बैठकीत टाळ्याही घेतल्या.

ती हुशार निघाली हा तिचा गुण, माझा नाही. सातवी झाली, पुढे तालुक्याला वसतिगृहात राहून बारावी झाली. तोवर मधली काही वर्षं मी दुसऱ्या गावी जाऊन पुन्हा याच शाळेत आलो होतो, या वेळी मुख्याध्यापक म्हणून, निवृत्तीला तीन वर्षं उरलेली असताना. ती सुटीत आली की भेटायची. नर्सिंगला जायचं म्हणायची. मी ‘जरूर जा’ म्हणायचो. ‘जरूर जा’ म्हणायला काही लागत नाही.

त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला होता, म्हणून लग्नं मागे रेटली गेली आणि जुलैतही मुहूर्त निघाले. जूनच्या सत्तावीसला, शाळा उघडून दुसराच दिवस, मी व्हरांड्यात बसून रजिस्टरं एकेक तपासत होतो. तीसला मी निवृत्त होणार होतो. एक जुलैचा जन्म असला की तीस जूनला संपतं, तो नियमच आहे. नव्या शिक्षकाला सगळं मोजून द्यायचं होतं. ती आली आणि पायरीवर उभी राहिली.

“सर, माहं लग्न लावून राह्यले. तीन तारखेले.”

“अरे वा,” मी म्हणालो.

“अरे वा नाई, सर. मी अठराची नाई आहो. तुमाले मालूम आहे.”

मी रजिस्टर मिटलं. ती घाईत नव्हती, रडतही नव्हती. परिपाठात वाचायची तशी एकेक गोष्ट सांगत गेली. नवरा मुलगा बल्लारपूरकडचा, खाणीत ठेकेदाराच्या हाताखाली कामाला, माणूस वाईट नाही. पण तिला नर्सिंगचा फॉर्म भरायचा होता आणि सासरचे म्हणत होते, मग पाहू. बापाशी ती बोलली होती.

“बाबा म्हणते, सरकारी कागदावर एक तारखेले अठरा होऊन राह्यले, तू का सरकारपेक्षा शायनी आहे काय? मायले मालूम आहे, पण मायले कोण इचारते?”

बापाचीही मला चीड येईना. वर्षाच्या सुरुवातीला तो माझ्याकडेच दाखला मागायला आला होता. कायद्याचं वय भरायच्या आत लग्न करायचं नाही म्हणाला, गुन्हा आहे. मुहूर्त त्याने मुद्दाम एक जुलैनंतरचा धरला होता. अख्ख्या गावात कायदा पाळणारा असा तो एकटा, आणि मी त्याला सहीशिक्क्यानिशी खोटी तारीख दिली होती, वर म्हणालो होतो, भाऊ, असे बाप सगळ्यांना मिळोत.

पोरीने पुढचंही सगळं करून ठेवलं होतं. आमच्या गावात बालविवाह थांबवायचा अधिकार ग्रामसेवकाकडे असतो. ती त्याला भेटून आली होती. अंगणवाडीचं जुनं रजिस्टर तिने शोधलं, ते उदईने, म्हणजे वाळवीने, खाल्लं होतं.

“ते सायेब म्हणते, शाळेनं लिहून देल्लं का हे तारीख अंदाजानं टाकली, तर मी लग्न थांबवतो, दवाखान्यात वय तपासतो. तुमी एवढं लिहून द्या, सर. शिक्का मारून द्या.”

चार ओळींचं काम होतं. शाळेच्या नावाचा कागद समोर होता, शिक्का खणात होता, पेन हातात होतं. मी मात्र दुसराच विचार करत होतो. हे पत्र वर गेलं की पहिला प्रश्न येणार, अंदाजाने का टाकली? पालकांनी वेगळं सांगितलं असताना का टाकली? त्या वर्षीचा पट काढा. निवृत्तीला तीन दिवस असताना चौकशी लागली की पेन्शनचे कागद टेबलाखाली जातात आणि माणूस जिल्हा परिषदेच्या पायऱ्या झिजवत मरतो. अशी माणसं मी पाहिली होती. भीती खरी होती. पण भित्र्याला भीती नेहमी खरीच वाटते, हेही मी पाहिलं होतं.

“तीस तारीख होऊ दे,” मी म्हणालो. “एकदा मी मोकळा झालो की मला कुणी काही करू शकत नाही. एक तारखेला सकाळी पहिलं काम तुझं.”

“लग्न तीनले आहे, सर.”

“दोन दिवस राहतात की.”

“पक्कं?”

“पक्कं.”

ती गेली. मी पुन्हा रजिस्टर उघडलं, पण तिच्या वर्षाचं पान सोडून पुढचं काढलं.

तीस जूनला माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, एक भिंतीवरचं घड्याळ. शिक्षकाला निवृत्तीला घड्याळ का देतात हे मला आजवर कळलेलं नाही, आता वेळ बघून तो जाणार कुठे? केंद्रप्रमुखांनी भाषण केलं की सरांनी पिढ्या घडवल्या, सर म्हणजे ज्ञानाचा अखंड दिवा, आणि उद्या सरांचा वाढदिवस असून उद्याच कृषिदिन, डॉक्टर दिन आणि वनमहोत्सव असल्याने सर किती थोर दिवशी जन्मले ते बघा. टाळ्या पडल्या. ज्या पुस्तिकेतून मी तेहतीस वर्षं फलक भरला तिच्यातूनच त्यांनी मला भरलं. मग मी नव्या शिक्षकाला कार्यभार दिला. किल्ल्या, रजिस्टरं, खडूंचे डबे, शिक्का. यादीवर सह्या झाल्या. ती मासे धरणाऱ्यांची मुलगी मागच्या ओळीत उभी होती. तिनेही टाळ्या वाजवल्या.

एक जुलैला सकाळी मी शब्द पाळायला निघालो. कोऱ्या कागदावर सगळं लिहून नेलं होतं, नाव घातलं तो दिवस, आईने काय सांगितलं, मी काय केलं. लिहिताना बरं वाटत होतं. आपण शूर आहोत असंही थोडं वाटलं.

ग्रामसेवक पंचायतीच्या अंगणात वनमहोत्सव करत होता. मला बघून म्हणाला, “या सर, बरे आले, फोटोत उभे रहा.” माझ्या हातात गुलमोहराचं रोप आलं. फोटो निघाला. मग त्याने माझा कागद वाचला, उलटा करून मागची बाजू बघितली आणि विचारलं, “शिक्का कुठी आहे?”

“मी काल निवृत्त झालो.”

“तेच तर. कालपर्यंत तुम्ही शाळा होते, सर. आज तुम्ही गावात आलेले पाहुणे. पाहुण्याच्या चिठ्ठीवर मी लग्न थांबवू काय? अन् आज तारीख काय आहे? कागदानं पोरगी आज सज्ञान झाली. तिचा बाप माझ्यावरच केस करून राह्यला मग.” कागद त्याने मला परत दिला, व्यवस्थित घडी घालून.

मी शाळेत गेलो. नवा शिक्षक खुर्चीत बसला होता, खुर्चीला अजून सरावला नव्हता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “सर, अक्षर तुमचं, सही तुमची. मी पहिल्याच दिवशी कसं लिहून देऊ की रजिस्टर खोटं आहे? रजिस्टरात कधी हात घालायचा नाही, हे कालच तुम्ही मला सांगितलं.” सांगितलं होतं खरं. चहा पाजला त्याने. फलकावर तारीख टाकून त्याने कृषिदिन लिहिला होता, अक्षर गिचमिड.

तालुक्याला जाता आलं असतं. ठाण्यात जाता आलं असतं, साहेबाच्या दारात बसता आलं असतं. दोन दिवस होते. पाऊस फार होता म्हणून गेलो नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. पाऊस नव्हता. आणखी चार कचेऱ्यांत जाऊन तोच कागद वाचून दाखवायची लाज वाटली, एवढंच. पहिल्या दोन ठिकाणी मी पापाचा पाढा वाचला तेव्हा कुणी रागावलंसुद्धा नाही, आणि ते मला सर्वांत झोंबलं होतं.

संध्याकाळच्या आत तिला सांगणं भाग होतं. ती तलावाच्या पाळीवर होती, बापाचं जाळं वाळत घालत. मी सगळं सांगितलं. ग्रामसेवक काय म्हणाला, नवा शिक्षक काय म्हणाला, मी किती प्रयत्न केला. प्रयत्नाचं जरा लांबवूनच सांगितलं. ती जाळ्याची गाठ सोडवत ऐकत होती.

“मंग काल काऊन नाई देल्लं, सर?” तिने विचारलं.

मी म्हणालो, काल सत्काराची गडबड होती.

“हो,” ती म्हणाली. “मी पाह्यली.”

तीन तारखेला लग्न झालं. मी गेलो नाही, आहेर पाठवला. सत्कारात मिळालेलं ते घड्याळच वेष्टन न काढता पाठवलं. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या नाटकीपणाला नाकं मुरडणारा मी, माझ्या हातून घडलेल्या गोष्टींत ही सगळ्यांत हलकी असावी, आणि स्पर्धा काही कमी नाही.

पुढे तिची खबर उडत उडत यायची. नर्सिंग झालं नाही. ‘मग पाहू’चं मग आलंच नाही. पहिल्या बाळंतपणात जिवावरचं होतं, रक्त फार गेलं, चंद्रपूरला हलवावं लागलं, एवढं तिची आई बाजारात मासळी तोलता तोलता मला म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली. मासळीही नीट निवडून दिली.

गेल्या वर्षी वडशाच्या स्टेशनवर ती भेटली. मी गोंदियाकडे जायला उभा होतो आणि ती बल्लारपूरकडून आलेल्या पॅसेंजरमधून उतरली, माहेरी निघालेली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताला पाच-सहा वर्षांची मुलगी. तिने मला ओळखलं, पिशवी खाली ठेवली आणि वाकून नमस्कारही केला. जुनी सवय. मी कसा आहे विचारलं, गुडघ्यांचं विचारलं. आवाज तोच, खणखणीत. मुलगी फलाटावरच्या वजनकाट्याचे दिवे बघत होती.

“शाळेत घातलं का हिला?” मी विचारलं.

“आता जूनमंधी घालतो.”

मला बरं वाटलं की काहीतरी बोलता येतंय. मी वाकून मुलीच्या गालाला हात लावला आणि शिक्षकी थाटात विचारलं, “काय गं, तुझा वाढदिवस कधी असतो?”

मुलगी सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात आईने तिचा हात किंचित दाबला. मुलगी आईकडे बघू लागली.

“दवाखान्यात झाली हे, सर,” ती म्हणाली. “तारीख, वेळ, मिनिट, सगळं दवाखान्याच्या कागदावर आहे. लॅमिनेशन करून ठेवलं मी.”

“वा. मग सांग की, कधीची आहे?”

तिने पिशवी उचलली. रागावलेली नव्हती, उलट तिने माझ्याकडे वयस्कर माणसाकडे बघावं तशा मायेनेच बघितलं.

“नाई, सर,” ती म्हणाली. “हिची तारीख मी तुमाले नाई सांगत.”